पेन्सिलीतला घड्याळ्या

बाबा, तुमची ती हिरव्या पुठ्ठ्याची वही आत्ता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडली आहे. इथे आयर्लंडात, गॉलवेत आज शनिवार, बाहेर नेहमीची बुरबुर, आणि घरात मी एकटी. पान सदतीस. वर तुमच्या टपोऱ्या अक्षरात जागा, वेळ, वारा कुठून, ऊन कुठून. खाली पक्ष्याचं तुकड्यातुकड्यांनी काढलेलं चित्र, चोच वेगळी, पाठ वेगळी, शेपूट तर तीनदा. वहीतली बाकी सगळी नावं निळ्या शाईत आहेत. या एका पानावर नाव पेन्सिलीत आहे, पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली तुमचं एक वाक्य: "बोलला की शाईने लिहीन." तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि नाव अजून पेन्सिलीतच आहे. आज मी ते शाईने लिहायला बसले आहे. पण त्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे, कारण ही परवानगी दुसऱ्या कुणाकडे मागण्यासारखी नाही.

महालापये मला हल्ली फार आठवतं. तुम्ही तीन वर्षांच्या करारावर बोत्स्वानात विज्ञान शिकवायला गेलात आणि वर्षभराने आई आणि मी तिकडे आलो. मी तेव्हा तेरा वर्षांची, नाकावर राग घेऊन उतरलेली, कारण फलटणच्या मैत्रिणी सुटल्या होत्या. शाळेने दिलेलं घर बरं होतं, पत्र्याचं छप्पर, मागे तीन पायऱ्या, आणि पायऱ्यांपलीकडे शाळेच्या कुंपणापर्यंत उतरत गेलेलं गवत. पावसाळ्यात त्या उताराच्या तळाशी पाणी साचायचं आणि गवत माझ्या कमरेला लागायचं. संध्याकाळचा चहा झाला की तुम्ही कप विसळून ठेवता आणि नुसतं "चल" म्हणता. कुठे, ते मी कधी विचारत नाही. तुमच्या गळ्यात त्या परत गेलेल्या इंग्रज मास्तरांकडून घेतलेला कॅमेरा, माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा बसायला, आणि काखेत आईची काळी छत्री. त्या छत्रीला तुम्ही कात्रीने भोक पाडलं होतं. लेन्स त्यातून बाहेर काढायची आणि आपण छत्रीमागे लपायचं, ही तुमची युक्ती. आईने ते भोक पाहिलं त्या दिवशी रात्रीच्या जेवणात फक्त दहीभात होता.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. पक्ष्यांचं पुस्तक घरी ठेवायचं, गवतात न्यायचं नाही. आधी बघायचं, मग लिहायचं, मग चित्र, मग फोटो, आणि नाव सगळ्यात शेवटी. "पुस्तक बरोबर असलं की माणूस पुस्तकातलाच पक्षी बघतो," असं तुम्ही म्हणायचात. पहिला फोटो लांबून, तो उडाला तरी हाती काहीतरी राहावं म्हणून. मग ऊन पाठीशी घेऊन दहा पावलं पुढे, मग डब्यावर बसून वाट बघायची. रोलमध्ये छत्तीसच फोटो, आणि रोल धुवायला जोहान्सबर्गला पोस्टाने पाठवायचा, म्हणजे एक फोटो वाया घालवणं हा गुन्हाच. महिन्याभराने स्लाइड यायच्या. प्रोजेक्टर कुठला आपल्याकडे. तुम्ही एकेक स्लाइड खिडकीच्या काचेवर धरायचात आणि आम्ही दोघी मागून डोकावायचो. आई दर वेळी तेच म्हणायची, "अहो, हा तर मागच्या वेळचाच तपकिरी ठिपका." आणि तुम्ही दर वेळी तेवढेच दुखावले जायचात.

पण आईचं काही चुकत नव्हतं. त्या भागातले ते इवलेसे तपकिरी पक्षी भल्याभल्यांना चकवतात. शिंजीर असो, चास असो, रंगावरून ओळखता येतो. हे सिस्टिकोला म्हणजे सगळे एका साच्यातले, अंगठ्याएवढे, पाठीवर काड्याकाड्यांच्या रेघा, आणि दिसले न दिसले तोच डोकं खाली घालून गवतात गडप. त्यातही पान सदतीसवरचा प्रश्न दोघांमधला होता. एक वाळवंटी सिस्टिकोला, तिकडच्या माळांवरचा. दुसरा झिटिंग सिस्टिकोला, जो आफ्रिकेतही आहे आणि आपल्याकडेही आहे, फलटणला नीरेच्या कालव्याकाठच्या गवतात. आजी त्याला घड्याळ्या म्हणायची, कारण तो हेलकावे खात वर उडतो आणि उडता उडता एकसारखा टिक, टिक, टिक करतो. तुम्ही लहानपणी कालव्यावर म्हशी घेऊन जायचात तेव्हा तो दिवसभर डोक्यावर असायचा. हे सगळं तुम्ही मला डब्यावर बसून सांगितलंत, आणि एरवी नाही असा तुमचा आवाज जरा हललेला होता. घरापासून इतक्या लांब, शाळेच्या मागच्या गवतात, ओळखीचं कुणीतरी निघावं, असं तुम्हाला फार वाटत होतं. आणि फार वाटत होतं म्हणूनच तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हतात. दोघे दिसायला सारखे, पण आवाज वेगळा. म्हणून तुम्ही त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिलात. वहीत नोंद आहे: "तीन आठवडे रोज बघतोय. उडतो, हेलकावे घेतो, पण चोच उघडूनही आवाज नाही. नवल आहे."

बाबा, मला आवाज येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. मला वाटलं तुम्हालाही येतो आणि तुम्ही आणखी कशाची तरी वाट बघताय. एका संध्याकाळी तुम्ही पेन्सिल कानावर अडकवून, "अजूनही गप्पच" असं म्हणालात, तेव्हा मी पटकन म्हटलं, "बाबा, तो बोलतोय की." तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचा तो चेहरा मी वर्गात इतर मुलांसाठी पाहिला होता, माझ्यासाठी पहिल्यांदाच. "जे ऐकू आलं नाही ते आलं म्हणून सांगायचं नाही. मला काय कान नाहीत? मला खूश करायला थापा मारू नकोस." मी म्हटलं, "पण खरंच…" तुम्ही म्हणालात, "पुरे." आणि छत्री मिटलीत. परत येताना मी डबा मुद्दाम खडखडवत आले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. पक्षी दिसला तर सांगायचं, ऐकू आला तर तोंडात मूग. आणि पुढे इतकी वर्षं गेली की मलाच वाटायला लागलं, कदाचित खरंच मी बनवलं असेल. तेरा वर्षांच्या मुली बनवतात.

दोन वर्षांपूर्वी मी महालापयेला जाऊन आले. नवऱ्याने विचारलं, सुट्टी घेऊन माणसं हत्ती बघायला जातात, तू कोणता पक्षी म्हणालीस? मी सांगितलं, तपकिरी ठिपका. माझ्याकडचा कॅमेरा तुम्ही पाहिला असता तर एक दिवस जेवला नसतात. सेकंदाला वीस फोटो काढतो, पिसापिसाची कड दिसते, आणि वाया जाण्याचं भय नाही. शाळेच्या मागचं गवत अजून आहे, कुंपण मात्र आता विटांचं झालं आहे. बरोबर एक वाटाडी होती, तिशीची, पक्ष्यांवरच पोट असलेली, शांत बाई. मी तीन दिवसांत दीड हजार फोटो काढले. शेपटीची खालची बाजू, जी तुम्हाला कधीच मिळाली नाही, ती मला नव्वद वेळा मिळाली. आणि रात्री लॅपटॉपवर बघताना कळलं की मी जिथल्या तिथेच आहे. पावसाळ्यात पिसं झिजलेली, दोघांच्या शेपट्या सारख्याच फाटक्या. तिसऱ्या दिवशी मी त्या वाटाडीला म्हटलं, "हा आवाज करत असता तर ओळखता आला असता." तिने माझ्याकडे जरा थांबून पाहिलं. मग अगदी हळू, मोठ्या माणसाची चूक दाखवावी तसं म्हणाली, "म्मा, तो आत्ता बोलतोय." तिकडे बाईंना आदराने म्मा म्हणतात. मी वर पाहिलं. पक्षी हेलकावे खात होता, चोच उघडी होती, आणि आभाळ गप्प होतं. मी म्हटलं, "हो, हो, बरोबर," आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तो कोणता, हे मग तिला विचारायचीही सोय उरली नाही.

असं "हो, हो" मला नवीन नव्हतं. इकडे रविवारी सकाळी आमचा दहा-बारा जणांचा गट बार्नाच्या जंगलात पक्षी बघायला जातो. सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांत एक फार लहान पक्षी असतो, गोल्डक्रेस्ट, त्याचा आवाज सुईसारखा बारीक. पुढचे सगळे थांबतात, वर बघतात, कुणीतरी म्हणतं, ऐकलंस ना? आणि मी मान हलवते. घरी येऊन वहीत लिहिते. शाईने. घरात फेब्रुवारीत आणखी एक प्रकार झाला. नवरा त्याच्या आईला बघायला पुण्याला गेला होता, मुलगी लिमरिकला कॉलेजात. ती शुक्रवारी घरी आली, दारातच बॅग टाकून म्हणाली, "आई, हाऊ आर यू लिव्हिंग विथ दॅट?" मी विचारलं, कशाबरोबर? तिने जिन्याकडे बोट केलं. स्मोक अलार्मची बॅटरी संपत आली की तो मिनिटाला एकदा चिरकतो, इथल्या प्रत्येक घराला ते दुखणं माहीत आहे. शेजारीणबाई दोन दिवस भिंतीपलीकडून तो ऐकत होत्या. मी मुलीला सांगितलं की मी हेडफोन लावून कामाच्या मीटिंगमध्ये होते. दोन दिवस सलग मीटिंग. तिने स्टूल आणून बॅटरी काढली.

खरं तर तेव्हाच मला तुमचं घड्याळ आठवायला हवं होतं. ते चौकोनी डिजिटल, दर तासाला टी-टी करणारं. वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिता लिहिता ते वाजायचं आणि मागच्या बाकावरची मुलं खुदखुदायची, कारण सर ते कधी बंदच करत नसत. आम्ही म्हणायचो, बाबांची तंद्री. परत भारतात आल्यावर तुम्ही म्हणायला लागलात की हल्ली माणसं पुटपुटतात, रेडिओवाले तर तोंडातल्या तोंडात बोलतात. आम्ही हसायचो. आईसुद्धा. आपल्या घरात डोळ्यांना चष्मा लागला तर पेढे वाटत नसलो तरी सांगत तरी होतो. कानाचं मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही.

आता त्या कॅसेटचं सांगते. गेल्या हिवाळ्यात फलटणला गेले तेव्हा आत्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात आपण आजीला पाठवलेली बोलकी पत्रं होती, सात कॅसेटी. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही महिन्यातून एकदा मागच्या पायरीवर टेपरेकॉर्डर ठेवून पत्र बोलायचात, आणि शेवटी आईला दोन मिनिटं, मला एक मिनिट. ऐकून झाल्यावर आजी कॅसेट पदराने पुसून डब्यात ठेवायची, असं आत्या म्हणाली. कॅसेटी इकडे आणल्या, पण वाजवायच्या कशावर? दोन आठवड्यांपूर्वी एका चॅरिटी शॉपमध्ये जुना टेपरेकॉर्डर दिसला. मुलगी घरी होती. हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, तो एक रात्र टॉवेलांखाली ठेवला, ओल गेली तर चालेल म्हणून, आणि रविवारी दुपारी चालला.

तुमचा आवाज आला. इतक्या वर्षांनी. मी जिला कणखर समजते ती मी ओट्याला धरून उभी राहिले. तुम्ही आजीला विचारत होता की गुडघ्याला तेल लावतेस का, आणि लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. मग म्हणालात, "आई, एक गंमत. इथं मागच्या गवतात आपल्या कालव्यावरचा घड्याळ्या आहे असं मला वाटतंय. पण खात्री नाही. बोलतच नाही बघ. तीन आठवडे झाले, एक शब्द नाही. बोलला की तुला कळवतो." माझी मुलगी टेबलाशी बसून टोस्ट खात होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की गॉलवे बाहेर पडतं. ती मान वाकडी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हूज युअर मॅन इन द बॅकग्राउंड?" इकडे कुठल्याही अनोळखी माणसाला युअर मॅन म्हणतात. मी म्हटलं, मागे कुणी नाही, आम्ही तिघंच होतो. "नॉट अ पर्सन, आई. द बर्ड." मी कॅसेट मागे नेली. तुम्ही पुन्हा म्हणालात, एक शब्द नाही. आणि तिला हसू आलं. "ही सेज इट वोन्ट टॉक. इट हॅजन्ट शट अप सिन्स ही स्टार्टेड."

मी काय केलं असेल? तुमचीच मुलगी. तिला विचारलं, कसा आवाज? ती म्हणाली, डॅडच्या गाडीचा इंडिकेटर असतो तसा, एक, मग एक, मग एक. मी कागद घेतला. इंटरनेटवर दोन्ही पक्ष्यांच्या आवाजांच्या खात्रीच्या नोंदी आहेत, त्या काढल्या, तिला माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि उलटसुलट क्रमाने वाजवल्या. कोणता कोणाचा ते सांगितलं नाही. टेपवरचा यातला कोणता, तेवढं बोट दाखव. पहिल्यांदा तिने झिटिंग दाखवला. वाळवंटी वाजवला तर म्हणाली, नाही, हा घाईत आहे, आणि मध्ये पंखांची टिचकी वाजतेय, टेपवर ती नाही. पुन्हा झिटिंग. पुन्हा क्रम बदलून झिटिंग. मी चौथी फेरी सुरू करणार एवढ्यात तिने टोस्टची बशी बाजूला सरकवली. "डू यू नॉट बिलीव्ह मी?" चिडून नाही विचारलं तिने. खरंच विचारलं. आणि मला तो तेलाचा डबा खडखडताना ऐकू आला, बाबा, तो मात्र स्पष्ट.

मी फोन खाली ठेवला. म्हटलं, "विश्वास आहे. मला ऐकू येत नाहीये, म्हणून तुला विचारतेय." तिने विचारलं, "टेपवरचा?" "टेपवरचा नाही, गवतातला नाही, बार्नातला नाही. अलार्मचाही नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि बोलल्यावर लक्षात आलं की ते काही फार अवघड वाक्य नव्हतं. तिने माझा हात ओढून टेबलावर ठेवला, कॅसेट मागे नेली, आणि तो जसा बोलत होता तसं माझ्या मनगटावर एका बोटाने टिचकत राहिली. टिक. टिक. टिक. तुम्ही गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलत होता, टिक. बरणी फुटली नाही, टिक. एक शब्द नाही, टिक, टिक. तुमचं तीन आठवड्यांचं वाट बघणं माझ्या मनगटावर चालू होतं. मी रडले, आणि रडताना मला फार हलकंही वाटलं. मी थाप मारली नव्हती, हे एक. आणि तुम्ही दुष्टपणाने ओरडला नव्हता, हे दुसरं. तुम्ही बिचारे खरंच सांगत होता, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं.

नंतर तिने फोनवर त्या टेपचं चित्र काढून दाखवलं. आता आवाजाचाही फोटो निघतो, तुम्हाला हे फार आवडलं असतं. खाली तुमचं बोलणं, जाड, पसरलेलं, काळसर. वर खूप मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत सारख्या अंतरावर एकेक ठिपका, पान संपेपर्यंत. इंटरनेटवरच्या झिटिंगचं चित्र शेजारी ठेवलं तर ठिपक्याला ठिपका जुळत होता. तपकिरी पक्ष्याचा तुम्ही जन्मभर काढू पाहिलेला फोटो हा होता, बाबा. तो आईच्या छत्रीतून नाही, आजीच्या कॅसेटमधून निघाला.

मंगळवारी मी कानाच्या तपासणीला गेले. बंद खोलीत बसवतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. दोनदा मी नुसत्या अंदाजाने दाबलं, सवय जात नाही. तपासणारे गृहस्थ साठीचे, सावकाश बोलणारे. कागदावरची रेघ दाखवली, सुरुवातीला सपाट आणि मग उतारावरून घरंगळलेली. म्हणाले, "द लो नोट्स आर ग्रँड." वरचेच तेवढे गेलेत. घरात आणखी कुणाला होतं का, विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांना. त्यांची तपासणी झाली होती? मी म्हटलं, नाही, ते बाकी सगळ्यांची घ्यायचे. ते हसले, मीही हसले. पुढच्या गुरुवारी यंत्रं मिळतील, कानामागे दिसणारही नाहीत म्हणे. दिसली तरी चालतील. गेल्या रविवारी गटाला सांगितलं आहे की गोल्डक्रेस्ट आला की मला कुणीतरी सांगा, मला ऐकू येत नाही. त्यावर गटातले सगळ्यात जुने आजोबा म्हणाले, "मलाही दहा वर्षं येत नाही, मी तर तू मान हलवलीस की हलवायचो." माझ्या वहीतले सात गोल्डक्रेस्ट मी खोडून पेन्सिलीने लिहिले आहेत.

जानेवारीत, तिकडे गवत वाढलेलं असताना, आम्ही दोघी महालापयेला जाणार आहोत. ठरलं आहे. ती ऐकणार, मी फोटो काढणार, आणि यंत्रं लावून मलाही आला तर उत्तमच. छत्री मी घेतली आहे, काळीच. कात्री मुलीने चालवली.

आणि आता पेन हातात आहे. दुसऱ्याच्या कानावर विसंबून शाईने लिहायचं नाही, हा तुमचा नियम मी मोडते आहे, तुम्ही रागावलात तरी. नाव लिहिलं. खाली लिहिलं: ऐकलं नातीने. शाई वाळेपर्यंत एवढं एक सांगून टाकते आणि हे पत्र पान सदतीसमध्येच घालून ठेवते.

महालापये सोडायच्या आदल्या संध्याकाळी, सामान बांधून झाल्यावर, आपण दोघं गवतात गेलो होतो. तुमच्याकडे ना कॅमेरा, ना छत्री. तुम्ही खूप वेळ वर बघत उभे राहिलात. मग माझ्याकडे न बघता, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलंत, "खरं सांग. तुला काही ऐकू येतं का?" तुम्ही मला तोवर कधी विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. माझा राग तेव्हा जुना झाला होता, पण मी तो जपून ठेवला होता, आणि वापरायला ती वेळ मला बरी वाटली. मी म्हटलं, "नाही." तुम्ही मान हलवलीत आणि पेन्सिल खिशात ठेवलीत.

येत होतं, बाबा. अगदी आपल्या डोक्यावर होता.